चंद्रग्रहणाच्या दिवशी दिलेले गणिताचे दान: विज्ञान, अध्यात्म आणि श्रद्धा यांतून आपली जीवनदृष्टी कशी घडते?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारे बहुतेक भाविक देवीचे दर्शन घेतात, पावसाळा असेल तर धवलतीर्थाचा धबधबा पाहतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. त्याच मंदिरात एक शिलालेख आहे, पण त्याच्यापुढे फारसे कोणी थांबत नाही. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिक राजाने त्याला दान दिले, अशी त्यातील हकीकत आहे. (मुक्ताबाईंचे शिष्य चांगदेव ते हे नव्हेत. आपल्याकडे ही गल्लत नेहमी होते.) लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गिऱ्हाइकांकडून सुपाऱ्या घ्याव्यात, तेलघाण्यामागे पळीभर तेल घ्यावे, जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे, अशी बारीकसारीक तजवीज त्यात करून ठेवली आहे. म्हणजे गणित शिकवणाऱ्या त्या मठाच्या खर्चाला बाजारातल्या तेल्यांचा आणि दाणेवाल्यांचाही हातभार होता.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती दानाची वेळ. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा काळ. ग्रहणात दिलेल्या दानाचे पुण्य अधिक, ही झाली श्रद्धा. आणि ते दान मिळाले कोणाला, तर ग्रहण केव्हा लागेल, किती बिंब ग्रासले जाईल आणि केव्हा सुटेल, हे गणिताने आधीच मांडून दाखवणाऱ्या विद्येला. सर्व लोकांसमक्ष हातावर पाणी सोडून हे दान झाले, असे लेख सांगतो. त्या गर्दीत आकाशाकडे हात जोडून उभा असलेला माणूस होता आणि मनातल्या मनात स्पर्श-मोक्षाच्या, म्हणजे ग्रहण लागण्या-सुटण्याच्या, घटका मोजणाराही होता. कदाचित दोघे एकच असतील.

स्वतः भास्कराचार्यांनीही हा प्रश्न टाळलेला नाही. इ.स. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात ते स्पष्ट सांगतात की चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो तेव्हा चंद्रग्रहण होते आणि चंद्र सूर्याच्या आड येतो तेव्हा सूर्यग्रहण होते. पृथ्वी कशावर टेकलेली आहे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आजही वर्गात सांगितले की मुले सावरून बसतात. पृथ्वीला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा, आणि शेवटी कोणीतरी एक स्वतःच्या शक्तीने उभा आहे असे मानावेच लागते. मग ती शक्ती पृथ्वीचीच का मानू नये? असा निर्भय तर्क करणारा हा माणूस राहूला मात्र पूर्ण निरोप देत नाही. शंभूच्या वरामुळे राहू पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला झाकतो, तेव्हा शास्त्रवचनांशी विरोध उरत नाही, असे तो लिहितो.

माझे मत असे आहे की या तडजोडीत भास्कराचार्यांनी गणिताचा एक अंशही राहूला दिला नाही. राहूला जागा दिली, पण छायेच्या आत; छायेची लांबी भूमितीनेच ठरली. विज्ञान, अध्यात्म आणि श्रद्धा एकाच माणसात नांदू शकतात, मात्र जिथे मोजमाप शक्य आहे तिथे शेवटचा शब्द मोजमापाचा असला पाहिजे. आणि जिथे श्रद्धा कृतीत उतरते, तिथे मी एकच प्रश्न विचारतो: ही समजूत चुकीची निघाली तर त्याची किंमत कोण मोजणार? मानणारा स्वतः, की त्याच्या शब्दाला बांधलेला दुसरा कोणी?

आपल्या भागातील अनुभवांच्या आधारे सर्वांनी लिहावे, ही विनंती.

पांझराकाठ

सर, शिलालेखाची माहिती मोलाची आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. भास्कराचार्यांनी राहूला छायेच्या आत जागा दिली, हे आपल्याला समन्वयाचे लक्षण वाटते. मला त्यातच आपल्या समाजाचे दुखणे दिसते. ग्रहण ही सावली आहे, हे ज्ञान आपल्याच मातीत सुमारे ९०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते आणि तरीही धुळे शहरातील सुशिक्षित घरांत आजही ग्रहणाच्या वेळी गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवले जाते, विळीला हात लावू दिला जात नाही, पाणीसुद्धा पिऊ दिले जात नाही. ज्यांना खरे माहीत होते त्यांनी लोकांना न दुखावण्यासाठी राहूला उभे ठेवले आणि ज्यांना माहीत नव्हते त्यांच्यापर्यंत फक्त राहू पोचला. पंचांगातल्या वेळा गणिताने काढायच्या आणि त्या वेळेत भीती मात्र पुराणातली पाळायची, ही दुहेरी व्यवस्था त्या तडजोडीचीच संतती आहे.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक वृत्ती यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. त्यात ‘श्रद्धेला धक्का न लावता’ अशी पुस्ती जोडलेली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. इतक्या साध्या कायद्यासाठी इतकी वर्षे लागली, याचे कारण समन्वयाची हीच सवय आहे, असे मला वाटते.

सातपुड्याची लेक

मी धडगाव भागात आरोग्यसेविका म्हणून काम करते. पांझराकाठ दादांनी ग्रहणाचा विषय काढला म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्मले की पाड्यापासून शहरापर्यंत सगळीकडे एकच बोलणे होते: आईने ग्रहण पाळले नाही. बाळाचा वरचा ओठ गर्भात साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. अनेक स्त्रियांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. ओठ जुळला नाही तर त्यामागे आनुवंशिकता, फॉलिक ॲसिडची कमतरता, तंबाखू, काही औषधे अशी मिश्र कारणे असतात आणि बऱ्याच वेळा नेमके कारण सांगताही येत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात ग्रहण आले काय आणि न आले काय, ओठ तोवर कधीच तयार झालेला असतो. हे मी सासूबाईंना महिना मोजून दाखवते: ग्रहण अमुक दिवशी होते, तेव्हा हिला कितवा महिना होता, ते तुम्हीच सांगा. बोटांवर मोजताना त्या स्वतःच थांबतात. बाळाची शस्त्रक्रिया मोफत होते, ओठ चांगला जुळतो. पण त्या सुनेवर लागलेला दोष शस्त्रक्रियेने जात नाही, त्यासाठी मला त्या घरी पुन्हापुन्हा जावे लागते.

गिरणाकाठ सरांनी विचारलेला प्रश्न आम्हाला रोज भेटतो. या समजुतीची किंमत सासू मोजत नाही, गावही मोजत नाही, ती सून मोजते. डाकिणीच्या बाबतीत तर हे फार भयंकर रूप घेते. गावात लागोपाठ मुले दगावली किंवा गुरे मेली की एखाद्या बाईकडे बोट दाखवले जाते. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. तिथे मी श्रद्धेचा मान ठेवण्याच्या गोष्टी बोलत नाही. तिथे पोलीस आणि कायदा हाच मार्ग आहे.

मात्र सर्पदंशाच्या बाबतीत माझा अनुभव थोडा वेगळा आहे. तो सविस्तर लिहावा लागेल, नंतर लिहिते.

रावेरचा शेतकरी

ताईंनी फार महत्त्वाचे लिहिले. मी केळी उत्पादक आहे, त्यामुळे माझे उदाहरण बागेतलेच आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात ढगाळ हवा टिकली की कोवळ्या बागांवर हरण्या येतो, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, सीएमव्ही. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पान आखडते, पुढे पोंगा, म्हणजे मधले कोवळे पान, सडतो. तो मावा या किडीमार्फत पसरतो आणि काकडीवर्गीय पिके व बांधावरचे तण हे त्याचे घर असते. रोगट झाडाला औषध नाही. झाड मुळासकट उपटायचे, बागेबाहेर नेऊन नष्ट करायचे, तण काढायचे, माव्याचा बंदोबस्त करायचा, एवढेच हातात असते. टिश्यूकल्चरचे महागडे रोप, त्याला ठिबकचे पाणी, खत घालून पोराप्रमाणे वाढवलेले, ते उपटताना हात धजावत नाही, हे मी समजू शकतो. मग कोणी म्हणते, बागेला नजर लागली. कोपऱ्यावर काळी बाहुली बांधतात, नारळ उतरवतात आणि झाडे तशीच उभी ठेवतात. तोवर मावा शेजारच्या बागेत पोचलेला असतो. नारळ एकाने उतरवला आणि लागवड शेजाऱ्याची गेली, हे मी पाहिले आहे.

तरीसुद्धा लागवडीच्या पहिल्या दिवशी मी स्वतः नारळ फोडतो आणि पुढेही फोडणार आहे. श्रावणात आमच्या भाऊबंदकीत कानबाई ही खानदेशची देवी बसते, रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू मुठीने मोजून घेतले जातात आणि वर्षभर बांधावरून एकमेकांशी न बोलणारे चुलतभाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसतात. रोटांमुळे पीक येते असे आमच्यातले कोणी मानत नाही. पण हरण्याच्या वेळी एकमेकांच्या बागेत जाऊन ‘तुझी ही झाडे काढ’ असे सांगण्याचा अधिकार आणि ते ऐकून घेण्याची तयारी मला त्या पंगतीतूनच मिळालेली आहे. कृषी विभागाची सूचना सर्वांच्या मोबाइलवर येते. ती पाळली जाते की नाही, हे मात्र भाऊबंदांच्या आपसातील नात्यावर अवलंबून असते. पांझराकाठ भाऊ, या गोष्टीला आपण कोणत्या खात्यात टाकाल?

बोरीकाठ

अमळनेरच्या वाचकांना ठाऊक असेलच, श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. कापड गिरणीच्या मालकाने अद्वैत वेदान्ताच्या संशोधनासाठी संस्था काढावी, देशभरातील तरुण अभ्यासकांना शिष्यवृत्ती देऊन बोलवावे आणि बोरीकाठच्या या गावातून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी नियतकालिक निघावे, याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही. साने गुरुजीही प्रथम याच संस्थेत अध्ययनासाठी आले आणि नंतर प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले.

हे सांगण्याचे कारण असे की या चर्चेत ‘अध्यात्म’ आणि ‘श्रद्धा’ एकाच ओळीत बसवले जात आहेत, आणि परंपरेने स्वतः तसे केलेले नाही. आपल्या दर्शनांतील पहिला वाद ‘देव आहे का’ हा नसून ‘कोणती गोष्ट कशाने कळते’ हा आहे. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द या प्रमाणांची, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची, प्रत्येकाची हद्द ठरवण्यासाठी शतकानुशतके वाद झाले. गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात शंकराचार्य लिहितात की अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितले तरी ते प्रमाण होत नाही. वेदांना सर्वोच्च मानणारा आचार्य हे लिहितो. जे डोळ्यांना दिसते आणि हाताला भाजते त्याबद्दल वेदाला विचारायचे नसते. वेदाचा अधिकार जिथे प्रत्यक्ष आणि अनुमान पोचत नाहीत तिथेच सुरू होतो, ही त्यांची भूमिका आहे.

पांझराकाठ यांचा रोष मला मान्य आहे, पण तो परंपरेवर नसून परंपरा अर्धीच वाचणाऱ्यांवर असावा. अग्नीचे हे वाक्य कीर्तनात कधी ऐकू येत नाही, शाळेतही शिकवले जात नाही.

मुक्ताईनगरी

मी वारकरी घरातील आहे. मुक्ताईची पालखी निघते तेव्हा आमच्या घरातील कोणी ना कोणी चालत असतेच.

गिरणाकाठ सरांची कसोटी चांगली आहे, पण ती अपुरी आहे, असे नम्रपणे सांगावेसे वाटते. श्रद्धा चुकली तर किंमत कोण मोजणार, हे ती विचारते. श्रद्धा कशासाठी असते, हे ती विचारत नाही. माझ्या वडिलांना कर्करोग झाला. जळगावला उपचार झाले, किमोथेरपी झाली, आणि दिंडीतल्या एकाही माणसाने ‘औषध सोडा, माळ घाला’ असे म्हटले नाही. माळ त्यांच्या गळ्यात आधीपासूनच होती. पुढे एक दिवस डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की आता करण्यासारखे काही उरलेले नाही. वैद्यकशास्त्राने आपले काम प्रामाणिकपणे केले होते आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे आपली मर्यादाही सांगितली होती. त्यानंतरचे महिने कसे काढायचे? ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, त्याने मुलाच्या हातून अंघोळ कशी करून घ्यायची? कोणाशी बोलणे राहून गेले आहे? शेताची वाटणी मनात कडूपणा न ठेवता कशी करायची? संध्याकाळी हरिपाठ झाला की वडील या गोष्टींवर बोलत. त्यांना बरे वाटेल म्हणून तो हरिपाठ नव्हता, बरे होण्यासाठी तर नव्हताच.

आमच्या भागातील संतकथाही हेच सांगते. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचे मंदिर आहे ते चांगदेव चौदाशे वर्षांचे सिद्ध योगी, वाघावर बसून भेटीला निघालेले, अशी आख्यायिका आहे. त्यांना गुरू भेटली ती लहान मुक्ताबाई. लोकांना चालणारी भिंत आठवते. पण ज्ञानदेवांनी चांगदेवांना लिहिलेल्या ६५ ओव्यांत भिंत नाही, वाघ नाही, एकही चमत्कार नाही. तिथे फक्त पाहणारा आणि दिसणारे जग हे वेगळे नाहीत, एवढीच चर्चा आहे. सिद्धी खालच्या पायरीवर ठेवणे हा आमच्या संप्रदायाचा मूळ विचार आहे. मंचावर भस्म काढून दाखवणाऱ्या बाबांचा आणि आमचा काही संबंध नाही. बुवाबाजीविरुद्ध बोलताना पांझराकाठ भाऊंनी हा फरक लक्षात ठेवावा.

पांझराकाठ

मुक्ताईनगरी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. आपल्या वडिलांच्या त्या महिन्यांबद्दल विज्ञानाने काही सांगावे, अशी माझी अपेक्षा नाही आणि कोणाही विवेकवाद्याची नसावी. माझे वडील निरीश्वरवादी होते. त्यांच्या शेवटच्या दिवसांत घरात हरिपाठ नव्हता, पण गल्लीतली माणसे रोज येऊन बसत, जुन्या संपाच्या आठवणी निघत, आणि त्यांनीही मनातले सगळे बोलून घेतले. तेव्हा त्या वेळी लागणारे बळ देवाकडूनच येते, असे मी मानणार नाही. ते माणसांकडून येते आणि काहींना ते देवाच्या नावाने एकत्र आलेल्या माणसांकडून मिळते. रावेरच्या दादांच्या कानबाईच्या पंगतीलाही माझे हेच उत्तर आहे. ती पंगत मला विज्ञानाच्या विरोधात वाटत नाही.

बोरीकाठ यांनी दिलेला अग्नीचा दाखला मात्र मी यापुढे सभांमध्ये वापरणार आहे.

माझा मूळ आक्षेप तरीही कायम आहे. समन्वयाची भाषा वापरणाऱ्यांपैकी किती जण ग्रहणाच्या दिवशी आपल्या घरच्या गरोदर मुलीच्या हातात पाण्याचा पेला देतात?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

पांझराकाठ यांचा शेवटचा प्रश्न रास्त आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. खग्रास अवस्था स्पेन, इजिप्त, सौदी अरेबिया या पट्ट्यात असेल. आपल्याकडे ढगांनी वाट दिली तर सूर्याचा काही भाग झाकलेला दिसेल. आमच्या शाळेत त्या दिवशी मुलांबरोबर त्यांच्या आया, मावश्या, वहिनी यांनाही बोलवायचे, ग्रहणाचे चष्मे द्यायचे आणि ग्रहण चालू असताना सर्वांनी मिळून फराळ करायचा, असे आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे. गरोदर स्त्रियांनी आपल्या इच्छेने यावे, कोणावर जबरदस्ती नसेल.

तसेच मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव परिसरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. आम्ही जमिनीत बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी खुंटी, रोवतो, कारण भास्कराचार्यांचे सावलीचे गणित याच मापाच्या शंकूवर चालते. मुले खडूने दर काही मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करतात. उन्हाने फरशी तापलेली असते, तरी ती हटत नाहीत. सावली संपते त्या क्षणी एखादे मूल हमखास शंकूच्या भोवती फिरून खात्री करते. ज्याला आपण वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतो, तो मला त्या फिरण्यात दिसतो. त्यासाठी त्या मुलाला घरचा देव सोडावा लागत नाही.

मुक्ताईनगरी यांनी माझी कसोटी अपुरी ठरवली, ते मला मान्य आहे. ती केवळ नुकसान ओळखण्यापुरती आहे. जगणे कशासाठी, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही आणि मिळावे असा माझा दावाही नव्हता. ताईंनी सर्पदंशाबद्दल लिहावे, त्याची वाट पाहत आहे.

सातपुड्याची लेक

उशीर झाला, साप्ताहिक लसीकरणात होते.

आमच्याकडे मण्यारीचे दंश रात्री होतात, जमिनीवर झोपलेल्या माणसांना. दंश दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही कधीकधी सापडत नाहीत. पहाटे माणूस पोटात दुखते म्हणतो, मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वास बंद पडतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस दवाखान्यात असते, पण ती वेळेत मिळाली पाहिजे. विषारी साप चावूनही काही वेळा विष सोडत नाही आणि चावणारे कितीतरी साप मुळात बिनविषारी असतात. असे रोगी मंत्राने विष उतरवणाऱ्या भगताकडे बरे होतात आणि त्याचे नाव होते. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा स्पष्ट गुन्हा आहे. त्यातला ‘रोखून’ हा भाग आम्ही भगतांना समजावून सांगितला.

आता आमच्या भागातले काही भगत रोग्याबरोबर गाडीत बसतात. गाडी घाट उतरत असते, भगत त्याचे मंत्र म्हणत असतो आणि मी रोग्याच्या पापण्या व श्वास पाहत असते. नातेवाइकांचा जीव थाऱ्यावर राहतो, ते गाडी मध्येच थांबवा म्हणत नाहीत. पांझराकाठ दादा म्हणतील की याने भगताची प्रतिष्ठा वाढते. ती शंका मलाही होती, म्हणून रोगी बरा होऊन परत आला की मी त्या घरी जाते आणि भगताच्या समोरच सांगते की श्वास लसीने परत आला, किती बाटल्या लागल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर काय झाले असते. त्यावर भगत वाद घालत नाही. आमच्या एका पाड्यावरचा म्हातारा भगत आता रात्री-अपरात्री स्वतःच फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘गाडी कुठवर आली?’ मंत्र तो अजूनही म्हणतो. त्याला तो सोडायला मी सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही; डाकिणीच्या बाबतीत मात्र मी त्याच्याशी आजही भांडते, कारण तिथे त्याचा शब्द कोणाला दवाखान्यात पोचवत नाही, एका बाईला गावाबाहेर काढतो.